सातविणीची साल आणि उरलेल्या गोळ्या

मी शाळेत विज्ञान शिकवते. तीस वर्षं होत आली. डासाचं जीवनचक्र फळ्यावर इतक्या वेळा काढलंय की हात आपोआप चालतो: अंडी, अळी, कोष, डास. मलेरियाचा डास भिंतीवर बसताना मागचा भाग उचलून तिरका बसतो, हे सांगितलं की मुलं बाकावर तशी बसून दाखवतात आणि वर्ग हसतो. हे सगळं आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं वाचून कोणी म्हणेल, बिचारीला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. अडाणीपणाची सवलत मला मिळण्यासारखी नाही.

लिहिण्याआधी मी भावजयीला विचारलं. ती मासे साफ करत होती आणि तिची मुलगी ओट्याखाली बसून डब्यांची झाकणं आपटत होती. ती म्हणाली, ‘‘लिव. पन नावं घालू नको कोनाची.’’ आमच्या बोलीत मोठ्यांनाही तूच म्हणतात, त्यामुळे त्यात राग शोधायला जाऊ नये. राग होता तो वेगळा, त्याबद्दल पुढे येईलच.

आमची वाडी वसईतल्या गास गावाच्या बाजूला. केळी, थोडी भाजी, मोगऱ्याचे वाफे आणि मागे बावखल. वसईच्या जुन्या वाड्यांत शिंपण्यासाठी खणलेलं असं तळं असतं. पावसाळा सरला की ते काठोकाठ भरलेलं असतं, आणि महापालिकेची माणसं येऊन त्यात गप्पी मासे सोडतात. मासे डासांच्या अळ्या खातात, बगळे मासे खातात, आणि डास आपले मजेत. माझ्या लहानपणी तर दिवाळीच्या आगेमागे आळीत दर दोन घरांआड एक माणूस गोधडीखाली थडथडत असायचं.

बावखलाच्या काठावर एक सातवीण आहे. तिच्या सालीचा काढा आईकडून माझ्याकडे आला. साल वरून खरवडायची, आतली कुटायची, त्यात मूठभर काडेचिराईत, सुंठ आणि चार मिरे घालायचे, आणि आठ पेले पाण्याचा एक पेला उरेपर्यंत मंद आचेवर ठेवायचं. इतकं कडू की पेला पुढे आला तरी डोळ्यांत पाणी यायचं. लांबून लांबून लोक आईकडे त्यासाठी यायचे. आई कोणाला नाही म्हणायची नाही, आणि त्यामुळे आळीत तिला मान होता. तो मान मला हवासा वाटायचा, हेही इथेच कबूल करते.

काढ्याच्या जोडीला आईचं आणखी एक होतं: ताप चुकवणं. हा ताप पाळीचा. एक दिवस येतो, एक दिवस येत नाही, आणि येतो तो बहुधा ठरल्या वेळेला. आई म्हणायची, तापाला आपलं घर ठाऊक असतं, त्याची वेळ झाली की माणसाने घरात सापडायचं नाही. मग पाळीच्या दिवशी सकाळीच ती आम्हाला समुद्रकाठच्या कळंबला मावशीकडे घेऊन जायची. तिथे सुरूच्या झाडांखाली चटईवर पडायचं आणि तापाने वाट चुकावी म्हणून प्रार्थना म्हणायची. ताप दोन तास उशिरा आला तरी आईचा चेहरा फुलायचा. ‘‘बघ, शोधत बसला होता,’’ असं म्हणायची.

पण आई गोळ्याही द्यायची. दवाखान्यातून आणलेल्या पांढऱ्या गोळ्या ती स्वतः तळहातावर ठेवायची आणि तोंड उघडायला लावून गिळल्या की नाही ते बघायची. काढा, कळंब आणि गोळ्या, तिन्ही एकदम. हे मला फार उशिरा आठवलं. आठवणीत राहिला तो काढा, कारण तो आईचा होता. गोळ्या सरकारच्या होत्या.

माझी भावजय माझ्याहून सोळा वर्षांनी लहान. भाऊ बोटीवर, वर्षातले आठ महिने समुद्रात. मी लग्न केलं नाही. त्यामुळे घरात खाली मी आणि वर ती, जेवण एकत्र. ती कामणच्या पुढच्या गावातली, मोठ्या घरातून आलेली, वडीलधाऱ्यांना विचारल्याशिवाय भाजीसुद्धा न टाकणारी. आई गेल्यानंतर ती मला विचारायला लागली. मलाही ते आवडायला लागलं. लग्नाला सात वर्षं झाली होती आणि दोनदा दिवस राहून गेले होते. तिसऱ्यांदा पाचवा महिना लागला तेव्हा आम्ही दोघी घरात पायसुद्धा हळू टाकत होतो.

ऑक्टोबरात एका दुपारी तिला हीव भरलं. तिच्या अंगावर मी दोन गोधड्या टाकल्या तरी दात वाजायचे थांबेनात. दुसऱ्या दिवशी आरोग्य केंद्रात नेलं. बोट टोचून काचेवर रक्त घेतलं आणि संध्याकाळी सांगितलं, मलेरिया आहे, साधा आहे, पण गोळ्या नीट घ्यायच्या. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, माझ्या एखाद्या विद्यार्थिनीसारख्या. त्यांनी कागदावर लिहून दिलं: आज चार, उद्या चार, परवा दोन. पोटभर जेवून घ्यायच्या. मध्ये थांबायचं नाही. मग त्या म्हणाल्या, ‘‘ह्या तापावर चौदा दिवसांच्या अजून वेगळ्या गोळ्या असतात. त्या गरोदरपणात देत नाहीत, त्या नंतर बघू. ह्या मात्र चालतात. बाळाला ताप वाईट, गोळ्या नाही.’’ मी शेजारी बसून शहाण्यासारखी मान हलवत होते.

पहिल्या दिवशीच्या चार तिने घेतल्या. माझ्यासमोर घेतल्या. थोड्याच वेळात तिला मळमळायला लागलं, उलटी झाली नाही पण ती सारखी मोरीकडे जायची आणि पोट धरून परत यायची. सकाळी शेजारीण आली. ती पाकीट बघून म्हणाली, ‘‘पोटुशी बाईला ह्या गरम गोळ्या? कोनी दिल्या? खाली करतील त्या पोट.’’ भावजयीचा चेहरा पांढरा पडला. शेजारीण गेल्यावर मी फोन काढला आणि वाचायला बसले. एका ठिकाणी लिहिलं होतं की मलेरियाची गोळी गरोदर बाईला देऊ नये. ते त्या चौदा दिवसांच्या गोळ्यांबद्दल होतं, ज्या आम्हाला दिल्याच नव्हत्या. आदल्याच दिवशी मला ते तोंडी सांगितलं होतं. पण मी दोन्हींची खिचडी केली. माझ्या वर्गातल्या कुणी असं उत्तर लिहिलं असतं तर मी लाल शाईने आख्खं पान खोडलं असतं.

जेवण झाल्यावर ती पाकीट घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. ‘‘ताई, आजच्या घेऊ का नको? तू सांगशील तसं.’’

तू सांगशील तसं. किती गोड लागतं ते ऐकायला! मी तिच्या हातातून पाकीट घेतलं. म्हणाले, ‘‘राहू दे. बाळाला काही व्हायला नको. मी काढा करते, झाडाचाच आहे, त्याने काही होत नाही.’’

झाडाचं आहे म्हणून काही होत नाही, हे वाक्य मी वर्गात कधीच खपवून घेतलं नसतं. सातविणीची साल पोटुशी बाईला चालते की नाही, हे मी कोणाला विचारलं नाही. आईने ती कधी पोटुशीला दिली होती का, तेही मला आठवत नव्हतं. मी फक्त माझ्या हाताने पातेलं गॅसवर ठेवलं. उरलेल्या सहा गोळ्या काडेचिराईताच्या डब्यात टाकल्या आणि झाकण लावलं.

आणि ताप गेला. एक दिवस गेला, दोन दिवस गेले, तिसऱ्या दिवशीही तो आला नाही. ती उठून केस विंचरायला लागली, भाकरी मागायला लागली. माझी छाती फुगली. बोटीवरून भावाचा फोन आला तेव्हा मी काढ्याची कहाणी दोनदा सांगितली. शेजारणीला सांगितलं, मग शेजारणीने आळीला सांगितलं. त्या पहिल्या चार गोळ्या तिच्या रक्तात काम करत होत्या आणि शाबासकी मी घेत होते, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही. खरं तर यायला हवं होतं.

सातव्या दिवशी दुपारी परत हीव भरलं. मग एक दिवस सोडून परत. अशा वेळी माणूस काय करेल? उरलेल्या गोळ्या घेऊन धावत दवाखान्यात जाईल. मी तिला कळंबला घेऊन गेले. मावशी आता नाही, पण तिच्या लेकाचं घर आहे. तो त्याची मागची खोली सुट्टीत येणाऱ्या पाहुण्यांना देतो. तेव्हा ती रिकामी होती. मी शाळेत रजा टाकली. लोकांना सांगितलं, तिला जरा हवापालट. स्वतःला काय सांगितलं ते नीट आठवत नाही. आईने इतक्या जणांना बरं केलं, तेव्हा मी का नाही, असंच काहीतरी असणार. आणि एक भीतीही होती. आता दवाखान्यात गेलं तर गोळ्या कुणी बंद केल्या, असं विचारतील.

तिसऱ्या पाळीला आम्ही सुरूच्या झाडांखाली चटई टाकून बसलो होतो. समोर ओहोटी, जाळी सुकत घातलेली. अकरा वाजले, बारा वाजले. मी पुन्हापुन्हा घड्याळ बघत होते आणि ती माझा चेहरा बघत होती. साडेबाराला तिचे ओठ निळसर झाले. तापाला कळंबही ठाऊक होतं. मी तिला धरून खोलीत आणली आणि गोधडीत गुंडाळली. तेवढ्यात माझा फोन वाजला. आरोग्यसेविका होती. ती म्हणाली, ‘‘मॅडम, दोनदा येऊन गेले, घराला कुलूप. पेशंटचं रक्त परत बघायचं होतं. गोळ्या पूर्ण झाल्या ना?’’

माझ्या मागे भावजयीचे दात वाजत होते. मी फोन घेऊन अंगणात गेले आणि म्हणाले, ‘‘झाल्या, सगळ्या झाल्या. ती आता छान आहे. आम्ही पाहुण्यांकडे आलोय.’’

‘‘बरं मग,’’ ती बाई म्हणाली. ‘‘परत आलात की कळवा.’’ तिच्या आवाजात सुटकेचा आनंद होता. तिला उन्हातून आणखी एक खेप नको होती. मी तिला दोष देत नाही. मी शाळेतली बाई, माझं कोण खोटं धरणार?

ताप उतरल्यावर घामाने भिजलेली ती उठून बसली. मी तिला विचारलं, ‘‘आज जरा कमी होता, नाही का?’’

‘‘हो ताई,’’ ती म्हणाली. ‘‘आज कमी व्हता.’’

ते ती माझ्यासाठी बोलली. तिच्या हातात पेला धरण्याची ताकद नव्हती, आणि ती माझं मन राखत होती. मला हे तेव्हाच दिसलं होतं. दिसलं नाही असं मी आजवर स्वतःला सांगत आले, पण दिसलं होतं. तरीही मी खूश झाले आणि दुसरा पेला उकळायला ठेवला.

आणखी दोन पाळ्या झाल्या. तिच्या पापण्या आतून पांढऱ्याफटक दिसायला लागल्या. एका सकाळी ती म्हणाली, ‘‘ताई, बाळ कालपासून गप आहे.’’ मावशीच्या लेकाच्या रिक्षाने आम्ही तडक वसईतल्या एका मोठ्या इस्पितळात गेलो.

तिथल्या डॉक्टरांनी केंद्राचा कागद बघितला. चार, चार, दोन. त्यांनी तिला विचारलं, ‘‘हा कोर्स पूर्ण केला होता?’’

उत्तर मी दिलं. ‘‘हो, पूर्ण केला.’’

ती खाटेवर पडली होती. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मोठी नणंद बोलल्यावर तिने कधी तोंड उघडलं नव्हतं, ते ह्याच वेळी कसं उघडणार?

गोळ्या पूर्ण घेऊनही रक्तात जंतू कसे, म्हणून डॉक्टर बुचकळ्यात पडले. दुसरं काही असेल म्हणून आणखी रक्त काढलं, आणखी तपासण्या, वरच्या डॉक्टरांना फोन. त्यात दुपार गेली. संध्याकाळी औषध सुरू झालं, रक्त चढवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सोनोग्राफी केली तेव्हा बाळाचं हृदय बंद होतं. ते आधीच बंद पडलं होतं की त्या दुपारी, हे मला कोणी सांगू शकलेलं नाही. मी डॉक्टरांना विचारलंही नाही. विचारायचं तर आधी खरं सांगावं लागलं असतं.

तिचे कपडे आणायला मी घरी आले. स्वयंपाकघरात गेले, डबा उघडला, त्या सहा गोळ्या काडेचिराईतात तशाच पडल्या होत्या. मी पाकीट घेऊन मागच्या दाराने बावखलावर गेले आणि दगड बांधून ते पाण्यात टाकलं. मग कपडे, टॉवेल, तिची रोजरी पिशवीत भरून परत इस्पितळात गेले. एवढं डोकं माझं त्या वेळी चालत होतं.

मुलगा होता. भाऊ पोचू शकला नाही. चर्चच्या मागे दफनभूमीच्या कोपऱ्यात, जिथे लहानांना ठेवतात, तिथे आम्ही सहा-सात जण उभे होतो. फादर थोडक्यात प्रार्थना म्हणाले. तिला अजून इस्पितळातून सोडलं नव्हतं.

ती घरी आली तेव्हा बायका भेटायला आल्या. मी चहा गाळत होते. शेजारीण बाहेर सगळ्यांना सांगत होती, ‘‘मी तेवाच बोलले व्हते, त्या गरम गोळ्यांनी केला. चारच घेतल्या बिचारीने, तरी बाळ गेला. ताईने काढा दिला म्हनून ही तरी वाचली.’’ मी गाळणी हातात धरून उभी राहिले. तेव्हा फक्त बाहेर जायचं होतं आणि एक वाक्य बोलायचं होतं. मी कप भरले, ट्रे बाहेर नेला, आणि कोणाला साखर कमी लागते ते विचारलं. भावजय भिंतीला टेकून खाली बघत बसली होती.

त्या रविवारी भावाचा फोन आला. ‘‘ताई, तू होतीस म्हणून ती माझ्या हाती लागली,’’ असं म्हणून तो रडला. मीही रडले. ते रडणं मात्र खरं होतं.

मग चार वर्षं मी मूग गिळून बसले. लोक काढ्यासाठी यायचे, पूर्वीपेक्षा जास्त. मी सांगायचे, साल संपली, झाड आजारी आहे, कंबर दुखते. कुणाला गोळ्या घ्या असंही ठणकावून सांगायचे नाही, कारण मग लोकांनी विचारलं असतं, की बाई, तुमच्याच घरात तर त्याच गोळ्यांनी घात केला ना? माझ्यामुळे आळीतल्या किती जणांनी गोळ्या अर्ध्यावर सोडल्या असतील, हा हिशोब देवच जाणे. वर्गात तो धडा आला की मी पुस्तक मुलांनाच मोठ्याने वाचायला लावायचे.

एकदा मी पापनिवेदनाला गेले. जाळीपलीकडे फादरना म्हणाले, मी खोटं बोलले. त्यांनी विचारलं, कोणाशी? मी म्हणाले, डॉक्टरांशी. त्यांनी आणखी विचारलं नाही, प्रार्थना सांगितल्या आणि पापक्षमा दिली. फाटकापर्यंत मला हलकं वाटलं. फाटकात भावजय उभी होती, माझ्यासाठी छत्री घेऊन. मी देवाकडे माफी मागायला गेले, कारण देव वरच्या मजल्यावर राहत नाही आणि रोज माझ्यासमोर जेवायला बसत नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात तिला परत दिवस गेले. चौथा महिना संपत होता तेव्हा, सप्टेंबरात, तिला हीव भरलं. मी शाळेत होते. ती एकटीच आरोग्य केंद्रात गेली. मी दुपारी घरी आले, चप्पल काढते तोच ती जिन्यावरून खाली आली. हातात तसंच पाकीट, तसाच कागद.

‘‘ताई, परत तोच निघाला,’’ ती म्हणाली. ‘‘पन ह्या मी नाय घेनार. तू काढा ठेव.’’

‘‘काढा नाही देणार मी.’’

‘‘साल नाय का?’’

‘‘आहे. साल आहे, झाडही चांगलं आहे. मी नाही देणार. ह्या गोळ्या घे.’’

‘‘ह्यालापन मारू काय मी?’’ ती एवढ्या मोठ्याने पहिल्यांदाच माझ्याशी बोलली. तिने पाकीट ओट्यावर टाकलं आणि दोन्ही हात पोटावर धरले. ‘‘तू नाय देत तर मी गावाला जाते. आमच्याकडंपन देतात झाडपाला.’’

ती वळली. गेली असती तर कामणच्या पुढे कुठल्या तरी घरात कुठली तरी मुळी उगाळून प्यायली असती, आणि ते माझ्याच शिकवणीचं फळ असतं. मी तिचा दंड धरला. चार वर्षं मी हे वाक्य निरनिराळ्या तऱ्हेने मनात जुळवलं होतं, प्रत्यक्षात ते वेडंवाकडंच बाहेर आलं.

‘‘बाळ गोळ्यांनी नाही गेलं. गोळ्या तू पूर्ण घेतल्याच नाहीस. चार घेतल्यास, सहा राहिल्या. मी घेऊ दिल्या नाहीत. डॉक्टरांनी सांगितलं होतं चालतात म्हणून, मी ऐकलं होतं, आणि तरी बंद केल्या. तुला कळंबला नेलं. ती सेविका फोन करत होती, तिला मी खोटं सांगितलं. इस्पितळात खोटं बोलले ते तू ऐकलंसच. राहिलेल्या गोळ्या मी बावखलात टाकल्या, कोणाला दिसू नयेत म्हणून. तापाने गेलं बाळ. मी तो ताप वाढू दिला.’’

तिने माझ्या अंगावर धावून यावं, भांडी फेकावीत, तू माझं लेकरू मारलंस म्हणावं, ह्या सगळ्याची माझी तयारी होती. खरं सांगायचं तर मी त्याची वाटच बघत होते.

ती खाली फरशीवर बसली. मग म्हणाली, ‘‘म्हनजे त्या चार गोळ्यांनी काय नाय झाला?’’

‘‘नाही गं. उलट त्यांनीच सहा दिवस ताप थांबला होता. सगळ्या घेतल्या असत्यास तर...’’

‘‘मी गिळल्या त्या,’’ ती म्हणाली. ‘‘चार वरसं मना वाटते, मी गिळल्या म्हनून तो गेला. माझ्या हातानं गिळल्या. मिस्साला बसते तवापन डोक्यात तेच. तुझ्या भावाला मी अजून धड तोंड दाखवत नाय. तो बोटीवरून येतो, बाळाचा काय काढतो, मी उठून जाते. आनि तू इथं बसून भाजी निवडत व्हतीस, माझ्यासमोर?’’

हे मला ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं एका ताटावर जेवून ठाऊक नव्हतं. माझ्या खोट्याचा भार मी एकटीच वाहते, असंच मी धरून चालले होते, आणि त्यात थोडं स्वतःचं कौतुकही होतं. मी माझं पाप लपवण्यासाठी गोळ्यांवर ढकललं. पण गोळ्या काही आपोआप तिच्या पोटात गेल्या नव्हत्या. बायका ‘गोळ्यांनी बाळ गेलं’ म्हणत होत्या तेव्हा भिंतीला टेकलेल्या तिला ‘तू मारलंस’ एवढंच ऐकू येत होतं, आणि मी साखर विचारत होते. मला क्षमा मागायची होती. काय म्हणून मागायची?

तिने डोळे पुसले आणि भिंतीला धरून उठली. ‘‘जेवायला वाढ,’’ म्हणाली. ‘‘जेवून घ्यायच्यात ना त्या?’’

मी भात वाढला, वर आमटी. ती माझ्याकडे न बघता एकेक घास चावून संपवत गेली. ताट संपवून तिने हात धुतले, ओट्यावरचं पाकीट स्वतः उचललं, चार गोळ्या तळहातावर काढल्या आणि एकामागून एक गिळल्या. मी पाणी पुढे केलं होतं. तिने माठातून स्वतःच दुसरा पेला भरून घेतला. मग उरलेल्या गोळ्यांचं पाकीट दुमडून तिने मुठीत धरलं आणि जिन्याकडे गेली.

दुसऱ्या पायरीवर ती थांबली. ‘‘तुझ्या भावाला फोन लाव,’’ ती म्हणाली. ‘‘आता लाव, मी इथं उभी हाय. तुझा काय ते तू सांग, मना त्याच्याशी घेनं नाय. पन आधी माझा सांग. हिने काय नाय केला, असा सांग.’’

मी फोन लावला. बोटीवर तेव्हा कुठली वेळ होती कोण जाणे, त्याने लगेच उचलला आणि घाबरून विचारलं, ताई, काय झालं? ती जिन्यावर कठड्याला धरून उभी होती. तिने सांगितलं होतं तसंच, तिचं आधी सांगितलं.